सावित्रीबाई फुले : प्लेगच्या साली

सावित्रीबाई फुले यांचे नाव निघाले की भिडे वाड्यातील मुलींची शाळा डोळ्यांपुढे उभी राहते, आणि ते योग्यच आहे. परंतु बाईंचा देह ज्या कार्यात पडला, ते कार्य शाळेचे नव्हे, रुग्णसेवेचे होते. आपल्या घरांतून त्याविषयी फार थोडे बोलले जाते. म्हणून त्यांच्या चरित्रातील तोच भाग येथे काहीसा विस्ताराने सांगण्याचे योजिले आहे.

बाईंचा जन्म ३ जानेवारी १८३१ रोजी सातारा जिल्ह्यातील नायगाव येथे, खंडोजी नेवसे पाटील यांच्या घरी झाला. १८४० साली जोतीरावांशी त्यांचा विवाह झाला आणि अक्षरओळख पतीच्याच हाताखाली झाली. पुढे अध्यापनाचे रीतसर शिक्षण घेण्यासाठी त्या अहमदनगरास, म्हणजे आजच्या अहिल्यानगरास, अमेरिकन मिशनच्या मिस फरार यांच्या संस्थेत आल्या. राळेगणसिद्धी, पारनेर व आसपासच्या गावांतील आपल्या सभासद कुटुंबांस ही गोष्ट अभिमानाची वाटावी. १८४८ साली शाळा निघाली. १८६३ साली फसवल्या गेलेल्या विधवांसाठी बालहत्या प्रतिबंधक गृह, १८६८ साली घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांस खुला, १८७७ च्या दुष्काळात अन्नछत्रे, हे सारे वाचकांस ठाऊकच आहे. त्या गृहात आलेल्या काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेचा मुलगा फुले दांपत्याने दत्तक घेतला. तो यशवंत पुढे डॉक्टर झाला. २८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीराव निवर्तले; त्यानंतर सत्यशोधक समाजाची धुरा बाईंनी वाहिली, आणि १८९३ च्या सासवड येथील परिषदेचे अध्यक्षपदही भूषविले.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईस प्लेग उद्भवला आणि काही महिन्यांतच तो पुण्यात पसरला. उंदरांच्या अंगावरील पिसवांमुळे हा रोग माणसास होतो, हे तेव्हा सिद्ध झालेले नव्हते. १८९८ साली सिमों या फ्रेंच वैद्याने ते दाखवून दिले. हाफकिन यांनी आपली लस स्वतःच्या अंगावर टोचून घेतली ती १८९७ च्या जानेवारीत. म्हणजे ज्या काळाविषयी आपण बोलत आहोत, त्या काळी औषध असे जवळजवळ नव्हतेच. होती ती फक्त शुश्रूषा: पाणी पाजणे, अंग पुसणे, गाठीस मलमपट्टी करणे, आणि रोग्यास माणसासारखे वागविणे.

पण ही शुश्रूषादेखील सर्वांच्या वाट्यास सारखी येत नव्हती. गावकुसाबाहेरच्या वस्तीत वैद्य सहसा जात नसे. गेला तरी नाडी पाहण्यासाठी हात लावावा लागतो, तेथेच त्याचा पाय अडे. हा प्रकार केवळ त्या शतकापुरता नव्हता. १९२९ साली काठेवाडात एका अस्पृश्य शिक्षकाच्या बाळंतीण पत्नीस तपासण्यास आलेल्या डॉक्टरने तापमापक स्वतः तिला लावला नाही. तो एका मुसलमान गृहस्थाच्या हाती दिला, त्याने पतीच्या हाती, पतीने पत्नीच्या, आणि त्याच वाटेने तो परत आला. ती बाई वाचली नाही. बाबासाहेब आंबेडकरांनी ही हकीकत आपल्या लेखनात नोंदवून ठेविली आहे.

प्लेग आला तेव्हा बाईंचे वय सहासष्ट वर्षांचे होते. लष्करी वैद्यकीय नोकरीत असलेल्या यशवंतरावांना त्यांनी बोलावून घेतले, आणि पुण्याबाहेर हडपसरजवळ ससाणे यांच्या मळ्यात उघड्या माळावर दवाखाना सुरू केला. दवाखाना काढला की रोगी आपोआप येतात, असा आपला समज असतो. पण ज्यास कोणी शिवत नाही तो रोगी दवाखान्यापर्यंत पोहोचावा कसा? डॉक्टर आहे, जागा आहे, मधले अंतर मात्र तसेच आहे. बाईंनी हे अंतर स्वतःच्या अंगावर घेतले. मुंढव्याच्या महारवाड्यात गायकवाड यांचा पांडुरंग हा मुलगा प्लेगने आजारी असल्याचे कळताच त्या तेथे गेल्या, आणि त्यास पाठीवर घेऊन मळ्यातील दवाखान्यात आल्या. मुलगा वाचला. बाईंना मात्र त्या रोगाची बाधा झाली, आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांनी देह ठेविला.

याच सुमारास पुण्यात रँडसाहेबाच्या अमलाखाली घरझडत्या सुरू झाल्या. सरकारी इस्पितळाच्या धास्तीने लोक रोगी लपवीत. त्यावर तोड म्हणून पुण्यात लोकमान्यांनी हिंदू प्लेग रुग्णालय काढले. मुंबईतही निरनिराळ्या ज्ञातींनी व पंथांनी आपापली प्लेग रुग्णालये उभारली. ज्ञातीने ज्ञातीची काळजी वाहणे वाईट नव्हे. आपली संस्थाही त्याच भावनेतून चालते. पण ज्यांच्यापाशी देणगीदार शेठ नव्हते, त्यांच्या रोग्यांचे काय, हा प्रश्न ज्ञातीच्या वर्गणीने सुटत नाही. मळ्यातील दवाखान्याकडे पाहावे: डॉक्टर जन्माने ब्राह्मण विधवेचा पुत्र, त्याची आई माळी, आणि तिच्या पाठीवरचा मुलगा महार. अशा स्मरणिकांतून थोरांची चरित्रे बहुधा ज्ञाती पाहून निवडली जातात. बाईंनी रोगी निवडताना ते पाहिले नाही.

आज औषधे आहेत, सरकारी दवाखाने आहेत, कायद्याने अस्पृश्यता गुन्हा ठरली आहे. तरीही २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे आकडे चिंता वाढविणारे आहेत. देशात जन्मणाऱ्या दर हजार मुलांपैकी सरासरी सुमारे ४२ मुले पाच वर्षांची होण्यापूर्वी दगावतात. अनुसूचित जातींत ही संख्या सुमारे ४९ आणि अनुसूचित जमातींत सुमारे ५० आहे. मधले अंतर अजून मिटलेले नाही. राळेगणसिद्धीत गावकऱ्यांनी दलित कुटुंबांच्या शेतात श्रमदान करून त्यांचे कर्ज फेडल्याचे आपण जाणतो. कर्जात बुडालेल्या घरास आजारपण किती जड जाते, हे वेगळे सांगणे नलगे.

बाईंच्या पश्चात प्लेग हटला नाही. तो वर्षानुवर्षे फिरून फिरून येत राहिला. यशवंतरावांनी रुग्णसेवा सोडली नाही. १९०५ साली त्यांनाही त्याच रोगाने गाठले.