गोळीच्या सावलीचे मोजमाप : अर्न्स्ट माख

मुंबईहून लंडनला किंवा न्यूयॉर्कला निघालेले जेट विमान उंचावर स्थिरावले की वैमानिकासमोरच्या पडद्यावर ०.८५ च्या आसपासचा एक आकडा दिसतो. विमानाच्या वेगाचे तिथल्या ध्वनीच्या वेगाशी असलेले हे गुणोत्तर. इंग्रजी वळणाने आपण त्याला 'मॅक' म्हणतो. स्विस अभियंते याकोब आकेरेट यांनी १९२९ मध्ये हे नाव सुचवले, तेव्हा अर्न्स्ट माख यांच्या निधनाला तेरा वर्षे झाली होती. आपले नाव विमानांच्या वेगाला चिकटेल याची त्यांना कल्पनाही नसावी. त्यांनी आयुष्याची उमेदीची वर्षे वेचली ती एका वेगळ्याच कलेवर : वस्तूच्या मागून प्रकाश द्यायचा, तो हवा तिथे अडवायचा आणि उरलेल्या छायेवरून मोजमाप करायचे.

माख यांचा जन्म १८ फेब्रुवारी १८३८ रोजी ब्रनो शहराजवळ, तेव्हाच्या ऑस्ट्रियन साम्राज्यातील मोराव्हिया प्रांतात झाला. शाळेत ते रमले नाहीत. बरेचसे शिक्षण वडिलांनी घरीच दिले. त्याच काळात त्यांनी सुताराकडे उमेदवारीही केली. पुढे स्वतःची उपकरणे स्वतः घडवणाऱ्या या शास्त्रज्ञाला ती उमेदवारी विद्यापीठाइतकीच उपयोगी पडली असावी, असे मला वाटते. १८६० मध्ये व्हिएन्नाची डॉक्टरेट, १८६४ मध्ये ग्राझ येथे प्राध्यापकपद आणि १८६७ पासून प्राग. तिथे ते अठ्ठावीस वर्षे राहिले.

गोळीकडे त्यांचे लक्ष वळले ते एका गंभीर आरोपामुळे. १८६८ च्या सेंट पीटर्सबर्ग जाहीरनाम्याने ४०० ग्रॅमपेक्षा हलक्या स्फोटक गोळ्यांवर युद्धात बंदी घातली होती. दोनच वर्षांनी फ्रान्स आणि प्रशिया यांच्यात युद्ध पेटले. नव्या वेगवान रायफलींनी झालेल्या जखमा आतून फाटल्यासारख्या, विवरासारख्या दिसत, आणि शत्रूने निषिद्ध गोळ्या वापरल्याचा आरोप झाला. बेल्जियन शास्त्रज्ञ मेल्सेन्स यांनी निराळा तर्क मांडला : वेगवान गोळी आपल्यापुढे दाबलेली हवा ढकलत नेते आणि तीच शरीरात घुसून स्फोटासारखा परिणाम करते. १८८१ मध्ये पॅरिस येथे माख यांनी हे व्याख्यान ऐकले. कोणी करार मोडला की नाही, हा प्रश्न आता हवेच्या एका थरावर येऊन ठेपला होता, आणि तो थर कोणी पाहिलेला नव्हता.

हवा पाहायची कशी? ऑगस्ट टोप्लर यांनी १८६४ मध्ये त्याची युक्ती प्रसिद्ध केली होती. ठिणगीचा प्रकाश भिंगातून वस्तूच्या मागून पुढे पाठवायचा. तो कॅमेऱ्यासमोर जिथे एका बिंदूशी एकवटतो, तिथे धारदार पात्याची कड धरून जवळजवळ सगळा अडवायचा. वाटेतील हवा कुठे दाट किंवा विरळ असेल तर तिथले किरण किंचित वळतात. काही पात्याला चुकवून निसटतात, काही अधिकच अडतात, आणि अदृश्य हवा काचेवर उजळ व काळ्या रेषांनी उमटते. अशा मांडणीत कॅमेरा निमूट साक्षीदार असतो. खरे मोजमाप प्रकाशाची शिस्त करते.

आज कारखान्यांत कॅमेऱ्याने सुटे भाग मोजणाऱ्या अभियंत्यांना हे ओळखीचे वाटेल. समोरून उजेड टाकला तर चकचकीत धातूवर तिरीप येते आणि कड नेमकी कुठे संपते ते ठरत नाही. मागून प्रकाश दिला की काळी छायाकृती मिळते. मात्र मागचा प्रकाशपट अवास्तव मोठा ठेवला, तर तिरपे किरण गोल कडेवरून परावर्तित होऊन कॅमेऱ्यात शिरतात आणि भाग खऱ्या मापापेक्षा बारीक भासतो. म्हणून प्रकाश आवरावा लागतो, किरण समांतर ठेवावे लागतात. वस्तू हलती असेल तर तो क्षणभरच द्यावा लागतो.

माख यांच्यासमोर तर गोळी होती. अंधाऱ्या खोलीत कॅमेरा उघडाच ठेवायचा. गोळी तारांच्या जोडीपाशी पोहोचली की विद्युतमंडल पूर्ण व्हायचे आणि लायडन जारमधून ठिणगी पडायची. ठिणगी सेकंदाच्या दशलक्षांश भागाइतकी टिकली, तर सेकंदाला ५०० मीटर जाणारी गोळी तेवढ्यात अर्धा मिलिमीटरच सरकते.

प्रागमधील पहिल्या प्रयोगांत गोळीची सावली स्पष्ट आली, पण भोवतीच्या हवेत काहीच दिसले नाही. दुसरा कोणी उपकरणाला दोष देऊन थांबला असता. माख यांनी हिशेब केला : पिस्तुलाच्या गोळीचा वेग सेकंदाला सुमारे २४० मीटर, ध्वनीचा सुमारे ३४०. म्हणजे लाट उमटण्याइतका वेगच नव्हता. रिकामी काच हेही त्यांच्या लेखी एक मोजमापच होते. त्यांनी फ्यूमे, म्हणजे आजच्या क्रोएशियातील रियेका, येथील नाविक अकादमीतले प्राध्यापक पेटर साल्खर यांना अधिक वेगवान रायफली वापरण्याची विनंती केली. १८८६ मध्ये साल्खर आणि त्यांचे सहकारी शांडोर रीग्लर यांच्या काचांवर गोळीच्या नाकापुढून मागे पसरत जाणारी रेषा उमटली. नावेच्या पुढे पाणी फाटते तशी. माख आणि साल्खर यांचा संयुक्त निबंध १८८७ मध्ये प्रसिद्ध झाला.

प्रतिमा इवल्याशा होत्या, पण मापाला पुरेशा होत्या. गोळीच्या मार्गाशी ती रेषा जो कोन करते, त्याची ज्या म्हणजे ध्वनीचा वेग भागिले गोळीचा वेग. ३० अंश आले तर वेग ध्वनीच्या दुप्पट. सेकंदाला ५३० मीटर वेगाच्या गोळीसाठी हा कोन सुमारे ४० अंश भरतो. गोळीला स्पर्श न करता, निव्वळ कोनमापकाने तिचा वेग कळू लागला. मेल्सेन्स यांचा तर्कही या चित्रांपुढे टिकला नाही. गोळीपुढची हवा तिच्यासोबत वाहून नेली जात नव्हती. सतत नव्या हवेतून सरकणारी ती एक लाट होती. तशा जखमांचे कारण पुढे, गोळी ऊतींना जो वेग देते त्यात सापडले.

धाकट्या पिढीनेही हे काम पुढे नेले. मुलगा लुडविग यांनी प्रकाशाचे दोन भाग करून पुन्हा एकत्र आणणारे उपकरण घडवले, जे आज माख–झेंडर व्यतिकरणमापी म्हणून ओळखले जाते. त्यामुळे गोळीभोवतीच्या हवेची घनताही मोजता येऊ लागली. दुसरा मुलगा हाइनरिख याने मात्र १८९४ मध्ये, डॉक्टरेट मिळवल्यानंतर थोड्याच दिवसांत, आत्महत्या केली. पुढच्या वर्षी माख यांनी प्राग सोडले आणि व्हिएन्नात तत्त्वज्ञानाचे अध्यासन स्वीकारले.

जे इंद्रियांना जाणवत नाही ते विज्ञानाने गृहीत धरू नये, या भूमिकेतून त्यांनी अणूंचे अस्तित्व मानायला नकार दिला. यात ते चुकले. पण १८८३ च्या त्यांच्या यामिकीवरील ग्रंथातील न्यूटनवरची टीका तरुण आइन्स्टाइनला फार उपयोगी ठरली, आणि ती टीकाही त्याच हट्टातून आलेली होती.

१८९८ मध्ये पक्षाघाताने त्यांची उजवी बाजू लुळी पडली. १९०१ मध्ये ते निवृत्त झाले आणि ऑस्ट्रियन संसदेच्या वरिष्ठ सभागृहाचे सदस्य झाले. १९१३ मध्ये म्युनिकजवळच्या फाटरश्टेटन गावी ते लुडविग यांच्याकडे राहायला गेले. तिथेच, अठ्ठ्याहत्तराव्या वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी, १९ फेब्रुवारी १९१६ रोजी त्यांचे निधन झाले. युरोपात तेव्हा ध्वनीहून वेगवान गोळ्या दीड वर्षापासून सुटत होत्या.