मेजर ध्यानचंद आणि तुतीची काठी

आमच्या लहानपणी अमरावती-अकोल्याकडील खेड्यांतून हॉकीची काठी विकत घेण्याची ऐपत फारच थोड्यांची असे. बाकीच्यांची काठी शेताच्या बांधावर उभी असे. टोकाशी आपोआप वळलेली बाभळीची किंवा बोरीची फांदी हेरून ठेवावयाची, वडीलमंडळींची नजर चुकवून ती तोडावयाची, साल काढून काही दिवस सावलीत वाळू द्यावयाची, आणि मग कोयत्याने व शेवटी काचेच्या तुकड्याने तासून डावी बाजू सपाट करावयाची, असा हा उद्योग असे. उन्हात वाळविलेली काठी तडकते, हे ज्ञान प्रत्येकास एक काठी गमावल्यावरच होई. एखादा हुशार मुलगा सरळ फळीतून आकडा कापून काठी करी. तीही दोन-चार टोल्यांत नेमकी वळणावर मोडे. तसे का होते, हे सांगण्यापूर्वी ज्या पुरुषाच्या काठीविषयी साऱ्या जगाने तर्क लढविले, त्याचे चरित्र पाहू.

ध्यानचंद यांचा जन्म 29 ऑगस्ट 1905 रोजी अलाहाबाद येथे झाला. वडील फौजेत असल्यामुळे वरचेवर बदल्या होत. त्यामुळे मुलाचे शिक्षण सहा इयत्तांपलीकडे गेले नाही. पुढे हे कुटुंब झाशीस स्थायिक झाले. राणी लक्ष्मीबाईंची ही नगरी मराठी वाचकास परकी नाही. बालपणी ध्यानचंदांना हॉकीचे विशेष वेड नव्हते, आवड होती ती कुस्तीची, हे वाचून आपल्याकडील आखाड्यांतील मंडळींस संतोष वाटेल!

1922 साली, वयाच्या सतराव्या वर्षी, ते दिल्ली येथे ब्राह्मण पलटणीत साधे शिपाई म्हणून दाखल झाले. त्या पलटणीतील सुभेदार-मेजर बाले तिवारी हे हॉकीचे मोठे शौकीन होते. त्यांनी या मुलाच्या हाती काठी दिली व खेळाचे पहिले धडे घालून दिले. दिवसा कवायत व पहारा असल्यामुळे सरावास सवड रात्रीचीच मिळे. मैदानावर दिवे नव्हते. चंद्र उगवेपर्यंत वाट पाहून हा शिपाई एकटाच चेंडू घेऊन उतरे, आणि म्हणूनच ध्यानसिंगाचा सोबत्यांनी ध्यानचंद केला, असे सांगतात.

1926 साली हिंदी लष्कराचा संघ न्यूझीलंडला गेला. तेथे झालेल्या 21 सामन्यांपैकी 18 त्याने जिंकले व केवळ एक गमावला. परत आल्यावर ध्यानचंद लान्स नाईक झाले. दोन वर्षांनी ऑलिंपिकसाठी हिंदुस्थानचा पहिला हॉकी संघ मुंबईहून निघाला. निघण्यापूर्वी मुंबईच्या संघाकडून तो 3-2 असा हरला होता, आणि बोटीवर निरोप देण्यास अवघी तीन माणसे आली होती! अॅमस्टरडॅम येथे मात्र या संघाने पाच सामन्यांत 29 गोल केले व स्वतःवर एकही होऊ दिला नाही. त्या 29 पैकी 14 एकट्या ध्यानचंदांचे होते. बोट परतली तेव्हा मुंबईच्या धक्क्यावर पाय ठेवण्यास जागा नव्हती.

चेंडू त्यांच्या काठीस इतका चिकटून राही की पाहणाऱ्यांस संशय येई. हॉलंडमध्ये आत लोहचुंबक आहे की काय, हे पाहण्यासाठी त्यांची काठी मोडण्यात आली, अशी आख्यायिका आहे. ती खरी की खोटी, हे बाजूस ठेवू. तशी एखादी काठी मोडली असती तर आत काय सापडले असते, ते पाहणे अधिक बोधप्रद आहे.

आपल्याकडे त्या काळी उत्तम काठ्या पंजाबात सियालकोट येथे होत. त्यांचे लाकूड तुतीचे. मुरलेल्या लाकडाचे एक टोक उकळत्या पाण्यात वा वाफेवर मऊ करीत, गरम असतानाच ते साच्याभोवती वाकवून घट्ट बांधीत, आणि थंड होऊन पुरते वाळेपर्यंत तसेच ठेवीत. असे केले म्हणजे लाकडाच्या रेषा न तुटता वळणाबरोबर वळतात. फळीतून आकडा कापला की त्याच रेषा वळणावर आडव्या तुटतात व पहिल्या जोरदार टोल्यास काठी तेथेच दुभंगते. आपोआप वळलेली बाभळीची फांदी निवडणारे पोर नकळत सियालकोटच्या कारागिराचेच शास्त्र पाळीत होते! पुढे वाकविलेल्या भागाच्या वरच्या टोकास खाच पाडून तीत वेताची मूठ सरसाने बसवीत. हातास हादरा बसू नये म्हणून वेताच्या पट्ट्यांमध्ये रबर घालीत, आणि वरून दोरा गुंडाळीत. शेवटी नियमांची परीक्षा असे: काठी दोन इंच व्यासाच्या कड्यातून पार झाली पाहिजे, वजन 28 औंसांपेक्षा अधिक भरता कामा नये, आणि चेंडू खेळावयाचा तो डाव्या, सपाट बाजूनेच.

म्हणजे आत सापडले असते ते तुती, वेत, रबर आणि सरस. एक गोष्ट मात्र खरी, की तुतीचे लाकूड चिवट असल्याने इंग्रजी धाटणीच्या लांब टोकाऐवजी आखूड व घट्ट बाक त्यास देता येई. असा बाक चेंडूवरून चटकन इकडचा तिकडे फिरतो. हिंदी खेळाडूंच्या चापल्यास ही काठी फारच मानवली. पण ती सर्वांच्याच हाती होती, आणि ध्यानचंद मात्र एकच झाले.

1932 साली लॉस एंजेलिस येथे अमेरिकेचा 24-1 असा पराभव झाला; त्यात ध्यानचंदांचे 8 आणि त्यांचे धाकटे बंधू रूपसिंग यांचे 10 गोल होते. 1936 साली बर्लिन येथे ते कर्णधार होते. प्रारंभीच्या सरावाच्या सामन्यात जर्मनांनी 4-1 असे हरविल्यामुळे त्यांस रात्रभर झोप आली नाही. अंतिम सामना पावसामुळे एक दिवस लांबून 15 ऑगस्ट रोजी झाला. बडोद्याचे सयाजीराव महाराज प्रेक्षकांत होते. मध्यंतरापर्यंत एकच गोल झाला होता. ओल्या हिरवळीवर पाय घसरत असल्याने उत्तरार्धात ध्यानचंदांनी बूट काढून ठेवले, आणि सामना 8-1 असा संपला. वऱ्हाडच्या वाचकास अभिमान वाटावा अशी गोष्ट ही की, त्याच वर्षी त्याच बर्लिन शहरी अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या तरुणांनी आपल्या देशी खेळांची प्रात्यक्षिके करून दाखविली.

तीन ऑलिंपिकांत मिळून बारा सामने, 102 गोल, आणि स्वतःवर केवळ तीन! तरीही आपला सर्वोत्तम सामना म्हणून ध्यानचंद यांपैकी एकाचेही नाव घेत नसत. 1933 साली कलकत्त्यास बेटन चषकाच्या अंतिम सामन्यात त्यांच्या झाशी हीरोज संघाने कलकत्ता कस्टम्सचा 1-0 असा पराभव केला, तो त्यांच्या मते सर्वोत्तम. आणि तो एकमेव गोल त्यांचा नव्हे! चहूकडून दाबले गेले असता त्यांनी एक लांब चेंडू पुढे धाडला. इस्माईल नावाच्या सहकाऱ्याने धावत जाऊन तो घेतला व गोल केला. लोहचुंबकाची गोष्ट सांगणाऱ्यांना ही गोष्ट सहसा ठाऊक नसते. ज्याची ख्याती चेंडू काठीस चिकटून राहण्याची, त्यास स्वतःस प्रिय होता तो त्याने योग्य क्षणी सोडून दिलेला चेंडू.

1956 साली ते सैन्यातून निवृत्त झाले व त्याच वर्षी त्यांना पद्मभूषण मिळाले. पुढे पतियाळा येथील राष्ट्रीय क्रीडा संस्थेत त्यांनी तरुणांस शिकविले. अखेरची वर्षे ओढाताणीची गेली. 3 डिसेंबर 1979 रोजी दिल्लीच्या रुग्णालयात, सर्वसाधारण कक्षात, त्यांचे देहावसान झाले. देह झाशीस नेऊन झाशी हीरोजच्या मैदानावरच त्यांस अग्नी दिला गेला.

फाळणीनंतर सियालकोटचे अनेक कारागीर जालंदर व मेरठ येथे येऊन वसले. हिरवळीची जागा कृत्रिम गालिच्याने घेतल्यानंतर पुढे मोठ्या सामन्यांतून लाकडी काठी नाहीशी झाली. तेथे आता कृत्रिम तंतूंच्या काठ्या आल्या आहेत. शाळकरी मुलांसाठी मात्र जालंदरास तुतीच्या काठ्या अद्यापि होतात, आणि त्यांचा बाक पूर्वीप्रमाणेच लाकूड मऊ करून, वाकवून व बांधून घडवितात.