विल्हेल्म हिस : पातळ चकत्यांतून अख्खा गर्भ उभा करणारा शास्त्रज्ञ



पहिली-दुसरीच्या वर्गात रोज कुणाचा तरी दुधाचा दात हलत असतो. मुलं विचारतात, हा दात आला कुठून? त्याची सुरुवात आईच्या पोटात साधारण सहाव्या आठवड्यातच होते. शास्त्रज्ञ हे उंदराच्या गर्भात पाहतात. तेराव्या दिवसाच्या सुमारास दाढेची कळी दिसते, एक-दोन दिवसांत तिची टोपी होते, मग घंटा. मोहरीच्या दाण्याहून लहान अशी ही वस्तू चारी बाजूंनी पाहायची कशी? आज सूक्ष्म सीटी स्कॅन आहे. पण ही वाट पाडणाऱ्यांत विल्हेल्म हिस यांचं नाव आधी घ्यावं लागतं.

त्यांचा जन्म ९ जुलै १८३१ रोजी स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहरात झाला. वैद्यकीचं शिक्षण घेऊन ते तिथेच १८५७ साली प्राध्यापक झाले आणि १८७२ मध्ये जर्मनीत लाइपझिगला गेले. (हृदयातला 'हिसचा जुडगा' ऐकला असेल, तो त्यांच्या मुलाचा. नाव तेच, म्हणून गल्लत होते.)

काकडीची एक चकती बघून काकडी सरळ की वाकडी हे सांगता येत नाही. सगळ्या चकत्या ओळीने हव्यात. हिस यांनी १८६० च्या दशकात गर्भाचे सलग, सारखे काप घेणारं यंत्र बनवलं. प्रत्येक काप मोठा करून कागदावर काढायचा आणि त्या चित्रांवरून गर्भाची मोठी प्रतिकृती घडवायची, अशी त्यांची रीत. त्सीगलर नावाच्या कारागिरांनी त्यांच्या मेणाच्या प्रती केल्या आणि त्या विद्यापीठांत शिकवायला गेल्या. म्हणजे शैक्षणिक साहित्यच की!

१८८० ते १८८५ मध्ये त्यांचा मानवी गर्भावरचा ग्रंथ आला. गर्भपात झालेले गर्भ डॉक्टर त्यांना पाठवत. त्या आयांची नावं मात्र या इतिहासात सापडत नाहीत, हे मला खटकतं.

घडवता घडवता त्यांना वाटलं, की काही भाग जास्त वाढतो, काही कमी, म्हणून सपाट थराला घड्या पडतात. आपल्या भिवंडीत कापडाला तोटा नाही. एक तुकडा टेबलावर पसरून दोन्ही बाजूंनी ढकला, मुलांना लगेच कळेल. अर्न्स्ट हेकेल या नामांकित शास्त्रज्ञाने या विचाराची शिंपीकाम म्हणून टिंगल केली. हेकेलच्या मते गर्भाचा आकार पूर्वजांच्या इतिहासावरून समजतो. पण त्याच हेकेलने १८६८ च्या पुस्तकात कुत्रा, कोंबडी आणि कासव यांचे गर्भ म्हणून एकच ठसा तीनदा छापला होता. हिस यांनी १८७४ मध्ये हे पुस्तकातून उघड मांडलं. हेकेलचा दबदबा बघता ते सोपं नव्हतं. घड्यांनी सगळं उलगडत नाही हे आज आपल्याला माहीत आहे, पण डोळ्यांनी पाहिलं तेच काढायचं हा हिस यांचा आग्रह मला मोठा वाटतो.

१८९४ मध्ये लाइपझिगच्या एका जुन्या चर्चच्या आवारात सापडलेला सांगाडा संगीतकार बाखचा आहे का, हे ठरवायचं काम त्यांच्याकडे आलं. त्यांनी मृत माणसांच्या चेहऱ्यावर मांसाची जाडी ठिकठिकाणी मोजली. त्या मापांवर शिल्पकार कार्ल झेफ्नरने कवटीवर चेहरा चढवला, आणि तो बाखच्या चित्रांशी जुळला. याच झेफ्नरने केलेला बाखचा पुतळा १९०८ मध्ये लाइपझिगला उभा राहिला. हिस तेव्हा नव्हते. १ मे १९०४ रोजी त्यांचं निधन झालं होतं.