रावबहादुर नारायण मेघाजी लोखंडे

आपल्या ज्ञातिबांधवांपैकी अनेकांचे आजे-पणजे पोटासाठी मुंबईस आले व गिरणीत लागले. त्या गिरण्यांची भरभराट आणि अखेर या दोहोंचा विचार करताना आम्हांस रावबहादुर नारायण मेघाजी लोखंडे यांचे स्मरण होते.

लोखंडे यांचा जन्म १८४८ साली ठाण्यास झाला. ते अवघे सहा वर्षांचे असताना, १८५४ साली, कावसजी दावर यांनी मुंबईतील पहिल्या कापडगिरणीची कंपनी काढली. पुढे बंदर व रेल्वे यांच्या जोरावर हा धंदा फोफावला. मुंबईचे सूत जहाजांतून चीनपर्यंत जाऊ लागले. परंतु ते सूत काढणारा कामगार उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत राबत असे, आणि त्यास आठवड्याची ठरावीक सुट्टी नव्हती.

मांडवी येथील एका गिरणीत कोठारावर काम करीत असता लोखंडे यांनी ही स्थिती जवळून पाहिली. महात्मा फुले यांच्या सत्यशोधक विचारांचे ते निष्ठावंत अनुयायी होते. १८८० पासून त्यांनी ‘दीनबंधु’ पत्र मुंबईहून चालविले. १८८४ साली त्यांनी गिरणी कामगारांची संघटना उभारली आणि सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज सरकारी कमिशनपुढे ठेवला. रविवारची सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, वेळेवर पगार व अपघातात जायबंदी झालेल्यास मदत, एवढेच त्यांचे मागणे होते. २४ एप्रिल १८९० रोजी दहा हजार कामगारांची सभा भरली; तीत दोन कामकरी स्त्रियांनीही भाषणे केली. अखेर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली.

१८९६ साली मुंबईत प्लेगची साथ उद्भवली. गावी न पळता लोखंडे रोग्यांच्या सेवेस राहिले, आणि १८९७ च्या फेब्रुवारीत त्याच रोगाने त्यांचा अंत झाला.

गिरण्या पुढे वाढल्या, तशा खालावल्याही. जुनाट यंत्रे, यंत्रमागांची स्पर्धा व मालकांची उदासीनता यांनी धंदा पोखरला होताच. १८ जानेवारी १९८२ पासूनच्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. त्यांपैकी असंख्यांस पुन्हा काम मिळाले नाही. १९९१ नंतर गिरण्यांच्या जमिनींवर कचेऱ्या व दुकानांचे मनोरे चढले.

भोंगे थांबले, तरी रविवार राहिला. तो कोणी दान दिलेला नाही. त्या मनोऱ्यांतील पहारेकरी व सफाई कामगार यांस आज तो मिळतो काय, याची विचारपूस आपल्यापैकी प्रत्येक कुटुंबाने करावी, अशी आमची नम्र विनंती आहे.