विश्लेषण : अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष ग्रँट उतारवयात कफल्लक कसे झाले?

६ मे १८८४ रोजी सकाळी युलिसिस ग्रँट न्यूयॉर्कच्या वॉल स्ट्रीटवरील आपल्या कचेरीत पोहोचले, तेव्हा ते स्वतःला लक्षाधीश समजत होते. त्याच दिवशी सगळे बुडाल्याचे कळले. त्यांच्याकडे ८० डॉलर उरले होते आणि पत्नी ज्युलियांकडे १३०. ग्रँट तेव्हा ६२ वर्षांचे होते.

पेन्शन का नव्हते?

यादवी युद्ध जिंकून देणारे सेनापती ग्रँट १८६९ ते १८७७ या काळात राष्ट्राध्यक्ष होते. त्या पदासाठी त्यांनी लष्करातील हुद्दा सोडला आणि त्याबरोबर आयुष्यभर मिळणारे वेतनही गेले. माजी राष्ट्राध्यक्षांना पेन्शन देणारा कायदा झाला तो थेट १९५८ मध्ये! पद सोडल्यावर हे दाम्पत्य दोन वर्षांहून अधिक काळ जगभर फिरले (१८७९ मध्ये मुंबईतही येऊन गेले). त्यात बरीच बचत संपली. पुढे श्रीमंत मित्रांनी अडीच लाख डॉलरचा निधी उभारून दिला. त्याच्या व्याजावर नीट भागले असते. पण ग्रँट यांची ऊठबस कोट्यधीशांत होती.

पैसे बुडाले कसे?

मुलगा बक आणि त्याचा मित्र फर्डिनांड वॉर्ड यांच्या ‘ग्रँट अँड वॉर्ड’ या पेढीत ग्रँट यांनी सुमारे एक लाख डॉलर घातले आणि भागीदार झाले. हिशेब वॉर्ड पाहायचा. समोर आलेल्या कागदांवर ग्रँट न वाचता सही करायचे. सरकारी कंत्राटांतून भरघोस नफा होत असल्याचे वॉर्ड लोकांना सांगे. कंत्राटे नव्हतीच. नव्या गुंतवणूकदारांच्या पैशांतून जुन्यांना ‘नफा’ दिला जाई आणि तेच रोखे अनेक ठिकाणी तारण ठेवून कर्ज उचलले जाई. एवढा परतावा येतो कुठून, हा एक प्रश्न ग्रँट यांनी विचारला असता तरी पुरे होते. त्यांचे नाव पाहून माजी सैनिकांनीही पेढीत पैसे ठेवले होते.

कोसळण्याच्या दोन दिवस आधी, रविवारी, वॉर्ड घरी आला. एका बँकेला तातडीने मदत हवी असल्याचे त्याने सांगितले. ग्रँट यांनी रेल्वेसम्राट विल्यम व्हँडरबिल्ट यांच्याकडून स्वतःच्या शब्दावर दीड लाख डॉलर आणले. तेही गेले. व्हँडरबिल्ट कर्ज माफ करायला तयार होते; ग्रँट यांनी मात्र घरे, तलवारी, पदके, भेटवस्तू असे सारे त्यांच्या नावे केले.

कुटुंब कसे सावरले?

‘सेंच्युरी’ मासिकाने युद्धावरील लेखांसाठी प्रत्येकी ५०० डॉलर देऊ केले. ग्रँट लिहू लागले. त्याच वर्षी घशाच्या कर्करोगाचे निदान झाले. आत्मचरित्रासाठी याच प्रकाशकांनी १० टक्के रॉयल्टी देऊ केली होती आणि ग्रँट ती स्वीकारण्याच्या बेतात होते. तेवढ्यात लेखक मार्क ट्वेन यांनी आपल्या प्रकाशन संस्थेतर्फे निव्वळ नफ्याचा ७० टक्के वाटा देऊ केला. या खेपेला ग्रँट यांनी घाई केली नाही. दोन्ही प्रस्ताव तोलून ट्वेन यांना होकार दिला.

आवाज गेला तेव्हा ते चिठ्ठ्या लिहून बोलत. मार्च १८८५ मध्ये काँग्रेसने त्यांचा लष्करी हुद्दा व वेतन परत दिले. २३ जुलैला ते वारले. हस्तलिखित त्याच्या काही दिवस आधीच पुरे झाले होते. वॉर्डला १० वर्षांची शिक्षा झाली. फेब्रुवारी १८८६ मध्ये ज्युलियांना दोन लाख डॉलरचा पहिला धनादेश मिळाला, एकूण रक्कम साडेचार लाखांच्या घरात गेली. ज्युलिया १९०२ पर्यंत जगल्या.