आवाजाच्या रंगभूमीचा शिल्पकार
पितृपक्षाचा अखेरचा दिवस महाराष्ट्रात सर्वपित्री अमावास्या म्हणून पाळला जातो. बंगालमध्ये तोच दिवस महालया होय. त्या दिवशी पहाटे चार वाजता बंगाली घराघरांतून रेडिओ लागतो आणि एक धीरगंभीर आवाज देवीच्या आगमनाची वर्दी देतो. तो आवाज वीरेंद्रकृष्ण भद्र यांचा. १९९१ साली ते निवर्तले, तरी हा परिपाठ मोडलेला नाही. गेल्या काही दशकांत बंगालमध्ये श्रुतिनाटकाचे, म्हणजे नेपथ्य व वेशभूषा यांवाचून केवळ आवाजावर उभ्या राहणाऱ्या नाटकाचे, प्रयोग श्रोत्यांसमोर रंगू लागले. जगन्नाथ बसू आणि ऊर्मिमाला बसू या दांपत्याने त्यांना लोकप्रियता मिळवून दिली. या नव्या बहराचे मूळ शोधू जाता भद्र यांच्या आयुष्यापाशीच येऊन थांबावे लागते.

भद्र यांचा जन्म १९०५ चा. इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे मुंबई केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले आणि पाठोपाठ २६ ऑगस्टला कलकत्ता केंद्र. रेल्वेच्या कचेरीत नोकरी करणारा हा नाट्यवेडा तरुण गार्स्टिन प्लेसमधील त्या केंद्राकडे ओढला गेला आणि पुढे तेथेच रमला. कंपनी लवकरच डबघाईला आली व १९३० मध्ये सरकारने नभोवाणी आपल्या हाती घेतली. साधने तुटपुंजी होती, ध्वनिमुद्रणाची सोय नव्हती. नाटक व्हायचे ते थेट प्रक्षेपणातूनच. चुकलेला शब्द मागे घेता येत नसे. रंगमंचावर नजरेने किंवा हातवाऱ्याने जे सांगता येते, ते येथे स्वरातील चढउताराने आणि नेमक्या विरामाने सांगावे लागे. भद्र यांनी नाटके व कथा नभोवाणीसाठी बेतून घेतल्या, नटांना ध्वनिक्षेपकापुढे बोलण्याची शिस्त लावली आणि न दिसणारी रंगभूमी श्रोत्यांच्या मनात उभी केली. १९४१ मध्ये रवींद्रनाथांच्या अंत्ययात्रेचे धावते वर्णन त्यांनीच केले. विरूपाक्ष या टोपणनावाने त्यांनी विनोदी लेखनही केले.

त्यांची कीर्ती मात्र एकवटली ती ‘महिषासुरमर्दिनी’त. वाणीकुमार यांची संहिता, पंकज मलिक यांचे संगीत आणि भद्र यांचे चंडीपठण असा तो त्रिवेणी संगम १९३० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत आकाराला आला. ब्राह्मणेतराने चंडीपाठ करावा, याला सनातन्यांचा आक्षेप होता. वादकांत तर मुसलमान कलावंतही होते. केंद्राने आक्षेप मानला नाही आणि श्रोत्यांनी तो विस्मरणात टाकला. पूजेचा अधिकार जन्माने मिळत असेल. श्रोत्याच्या अंतःकरणात शिरण्याचा अधिकार साधनेनेच मिळतो, हे त्या पहाटेच्या प्रक्षेपणाने बंगालला निमूटपणे शिकविले. अनेक वर्षे सारे कलावंत मध्यरात्री केंद्रावर जमत आणि कार्यक्रम थेट सादर करीत. पुढे ध्वनिमुद्रण आले आणि तेच दरवर्षी वाजू लागले.

१९७६ मध्ये, आणीबाणीच्या काळात, अधिकाऱ्यांनी हा कार्यक्रम बदलण्याचे ठरविले. लोकप्रिय नट उत्तमकुमार यांचे निवेदन आणि हेमंतकुमार यांचे संगीत असलेला नवा कार्यक्रम महालयेला प्रसारित झाला. दोघेही आपापल्या क्षेत्रातील मानकरी. तरीही श्रोत्यांच्या संतापाला पारावार उरला नाही. त्याच वर्षी षष्ठीला जुना कार्यक्रम पुन्हा ऐकवावा लागला आणि पुढच्या वर्षापासून त्याचे स्थान पूर्ववत झाले. ज्या काळात उघड निषेध दुर्मीळ झाला होता, त्या काळात लोकांनी एका आवाजासाठी सत्तेला माघार घ्यायला लावली.

परंतु आवाजाला मिळालेला हा मान त्या आवाजाच्या धन्याला व्यवहारात लाभला नाही. उमेदीची सारी वर्षे नभोवाणीला दिलेल्या या कलावंताला निवृत्तिवेतन नव्हते. उतारवय आर्थिक चणचणीत गेले. आवाज अमर झाला; माणूस उपेक्षित राहिला. हा दोष केवळ एका कार्यालयाचा नव्हे. कलेवर प्रेम करणारा समाज कलावंताच्या उदरनिर्वाहाचा विचार क्वचितच करतो.

श्रुतिनाटकाच्या आजच्या बहराकडे या दृष्टीने पाहावयास हवे. जुनी ध्वनिमुद्रणे भक्तिभावाने ऐकणे म्हणजे पुनरुज्जीवन नव्हे. भद्र यांचा वारसा ध्वनिफितीत नाही. चुकण्याची जोखीम पत्करून, त्याच क्षणी, समोरच्या श्रोत्याशी बोलण्याच्या वृत्तीत तो आहे. ती वृत्ती जोपासणाऱ्या नव्या कलावंतांना रसिकांच्या टाळ्यांबरोबर उद्याच्या भाकरीची शाश्वतीही मिळाली पाहिजे. एरवी महालयेच्या पहाटे जागणारा समाज उरलेले वर्षभर झोपलेलाच असतो, असे म्हणावे लागेल.