धर्मानंद कोसंबी : पायी निघालेला विद्यार्थी

आमच्या हॉस्टेलमध्ये दरवर्षी सेमिस्टर संपत आलं की सहलीचा बेत निघतो आणि दरवर्षी तो मेसच्या बिलाजवळ येऊन थांबतो. यंदा मात्र जरा पुढे गेला. कुणीतरी म्हणालं, गोवा-महाबळेश्वर पुष्कळ झालं, यावेळी बोधगया, सारनाथ, कुशीनगर करू. लगेच दुसऱ्याने त्यात आग्र्याचा ताज घुसवला, तिसऱ्याने लखनौचा इमामवाडा. भिंतीवरच्या नकाशावर पेन्सिलीने रेघा ओढल्या गेल्या. सोलापूरहून गाडी, वाराणसीला उतरायचं, तिथून सारनाथ, मग गया, राजगीर, नालंदा, वैशाली, गोरखपूरकडून कुशीनगर, सीमा ओलांडून लुंबिनी, परतताना श्रावस्ती. दहा दिवसांत नऊ गावं! खर्चाचा आकडा काढला आणि सगळे गप्प झाले.

मी नळदुर्गचा. किल्ल्याच्या सावलीत वाढलेल्या माणसाला जुन्या दगडांचं कौतुक जरा कमीच असतं. पाणी महाल आम्हाला घरचाच. इब्राहिम आदिलशाह दुसरा याच्या काळात, 1613 साली, बोरी नदीवर धरण बांधलं आणि त्या धरणाच्या पोटातच महाल काढला. पावसाळ्यात नर-मादी धबधबे कोसळायला लागले की पाहुणे येतात आणि आम्ही त्यांना गाईडसारखे फिरवतो. पण आपण स्वतः पाहुणे होऊन कुठे जायचं म्हटलं की तिकिटापासून अडतं. त्या रात्री आकडेमोड फसल्यावर मला लायब्ररीत वाचलेला एक माणूस आठवला. आमच्या पेन्सिलीच्या रेघेवरची बहुतेक गावं तो सव्वाशे वर्षांपूर्वी फिरला होता, त्यातला मोठा भाग पायी, आणि खिसा आमच्यापेक्षा रिकामा. धर्मानंद कोसंबी.

धर्मानंदांचा जन्म 9 ऑक्टोबर 1876 चा, गोव्यातल्या साखवाळ गावचा. वडील दामोदर, आई आनंदीबाई. घर सारस्वत ब्राह्मणाचं, उत्पन्न नारळाच्या बागायतीचं, राज्य पोर्तुगीजांचं. शाळा म्हणावी तशी झाली नाही. मराठी पुस्तकं मिळतील तशी वाचायची आणि बागेवर लक्ष ठेवायचं, असा दिवस. चौदा-पंधराव्या वर्षी बाळाबाईंशी लग्न झालं. असा मुलगा पुढे बागायतदार झाला असता आणि आपल्याला त्याचं नावही कळलं नसतं.

पण मुलांसाठी निघणाऱ्या एका मराठी मासिकात त्यांनी बुद्धाच्या चरित्रावरचा लेख वाचला आणि डोक्यात किडा शिरला. गंमत बघा, ज्या देशात बुद्ध जन्मला त्या देशात बुद्धाविषयी नीट शिकवणारं माणूस सापडेना. 1898 मध्ये वडील वारले. घरची जबाबदारी अंगावर आली, आणि नेमक्या त्याच वेळी घर सोडण्याचा विचार पक्का झाला. 1899 च्या अखेरीस त्यांनी गोवा सोडलं. मागे बायको आणि तान्ही मुलगी माणिक.

इथे मी वाचताना थांबलो होतो. बुद्धाच्या गोष्टीतही बायको आणि तान्हं मूल मागे राहतं, पण तिथे निदान राजवाडा होता. बाळाबाईंकडे काय होतं? सासरच्या-माहेरच्या आधाराने त्या बाईने सहा-सात वर्षं काढली. कोसंबींच्या चरित्रात त्यांच्या ज्ञानाच्या तहानेवर पानंच्या पानं लिहिली जातात, बाळाबाईंवर चार ओळी. मला हा माणूस फार मोठा वाटतो, पण हा हिशेब सोडून त्याचं चरित्र सांगणं मला जमत नाही.

पहिला मुक्काम पुणे. तिथे डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांशी ओळख झाली. बुद्धाचं मूळ वाचायचं तर आधी संस्कृत यायला हवं आणि संस्कृतासाठी काशी, असं गणित त्यांनी मांडलं. वाटेत इंदूर, उज्जैन, ग्वाल्हेर असे टप्पे करत ते काशीला पोचले. अन्नछत्रात जेवायचं, शास्त्र्यांच्या पायाशी बसून व्याकरण घोकायचं. आपण मेसच्या पातळ आमटीवरून रेक्टरकडे मोर्चा नेतो, हे आठवून मला जरा हसू आलं.

काशीपासून सारनाथ दहा किलोमीटर. पण आज आपण सारनाथ म्हणून ज्याचा फोटो काढतो, तो चार सिंहांचा शिरोभाग कोसंबी काशीत शिकत होते तेव्हा जमिनीखालीच होता. तो 1905 मध्ये ओएर्टेल नावाच्या अधिकाऱ्याच्या उत्खननात सापडला. हे ओएर्टेल साहेब पेशाने इंजिनिअर, रुडकीच्या कॉलेजातून शिकलेले! बौद्ध स्थळं शोधणारे अलेक्झांडर कनिंगहॅमही मूळचे बंगाल इंजिनिअर्सचे. चिनी यात्रेकरू ह्युएन-त्संगच्या प्रवासवर्णनातली अंतरं आणि दिशा धरून त्यांनी एकेक गाव जमिनीवर बसवलं. सर्व्हेइंगच्या प्रॅक्टिकलला कंटाळणाऱ्यांनी हे लक्षात घ्यायला हरकत नाही.

म्हणजे कोसंबी ज्या काळात फिरत होते, तेव्हा ही सगळी यादी नुकतीच, अर्धीमुर्धी तयार झाली होती. कुशीनगरची पहुडलेली बुद्धमूर्ती कार्लाइल यांना ज्या 1876-77 च्या हंगामात सापडली, त्याच सुमारास कोसंबी जन्मले. लुंबिनीचा अशोकाचा लेख असलेला स्तंभ 1896 च्या डिसेंबरात ओळखला गेला. नालंदा म्हणजे गवत उगवलेले ढिगारे. तिथलं पद्धतशीर उत्खनन 1915 नंतरचं. ना यात्रेकरूंच्या बसगाड्या, ना हॉटेलं, ना रस्त्यावर दिशा दाखवणारी पाटी.

1902 च्या सुरुवातीला ते एका नेपाळी सहाध्यायाबरोबर डोंगर चढून काठमांडूला गेले. नेपाळात बौद्ध धर्म जिवंत आहे, तिथे शिकायला मिळेल, ही आशा. पण हवा तसा विद्वान भिक्षू भेटला नाही, आणि जे पाहिलं त्याने मन खट्टू झालं. एखादा असता तर काशीला परतून भिक्षुकी करत बसला असता. हे तिथून उतरले ते बोधगयेला. बोधगयेत त्यांना कळलं की पाली शिकायची तर सिंहलद्वीप गाठावं, म्हणजे आजची श्रीलंका. मग कलकत्ता. तिथे महाबोधी सोसायटीची मदत झाली आणि त्याच वर्षी ते कोलंबोला पोचले. अनागारिक धर्मपालांनी 1891 मध्ये काढलेल्या या संस्थेने त्या काळात कितीतरी परक्या प्रवाशांना वाट दाखवली आहे.

कोलंबोच्या विद्योदय परिवेणात सुमंगल महास्थविरांकडे ते पाली शिकू लागले. भिक्षूची वस्त्रं घेतली. साखवाळच्या बागेतल्या मुलाला ज्या ग्रंथांसाठी पाच मुलखांत हिंडावं लागलं, ते आता समोर होते. मात्र तिथलं अन्न त्यांना मानवेना, प्रकृती बिघडली. मग मद्रास, तिथून ब्रह्मदेश, आणि पुन्हा भारतात.

1904 मध्ये त्यांनी केली ती तीर्थयात्रा आमच्या नकाशावरची. बोधगया, राजगीर, श्रावस्ती, कपिलवस्तू, लुंबिनी, कुशीनारा. भिक्षू पैसा बाळगत नाही, तेव्हा मिळेल ते खायचं आणि चालायचं. कुशीनाऱ्यात महावीर नावाचे एक भारतीय भिक्षू राहत होते, त्यांची भेट झाली. एकेकाळी पहिलवान असलेला हा माणूस म्हातारपणी बुद्धाच्या निर्वाणाच्या जागी धर्मशाळा राखत बसला होता. मला वाटतं, अशा यात्रेत दगडांपेक्षा अशी माणसंच जास्त लक्षात राहत असावीत. उत्तरेच्या उन्हाळ्यात, तराईच्या जंगलातून, अनवाणी चालणाऱ्या त्या तिशीच्या आतल्या माणसाला त्या ओसाड जागांमध्ये काय दिसलं असेल ते आपण फक्त कल्पनेनेच जाणायचं. यात्रा झाल्यावर ते पुन्हा ब्रह्मदेशात गेले, ध्यान आणि अभ्यास केला आणि 1906 मध्ये कलकत्त्याला परतले.

आता दिवस पालटले. कलकत्त्यात ते पाली शिकवू लागले, आधी नॅशनल कॉलेजात, मग विद्यापीठात. ज्याच्याकडे पदवी नाही, असा माणूस विद्यापीठात शिकवतोय! घरच्यांशी पुन्हा गाठ पडली. 1907 मध्ये मुलगा झाला. तो म्हणजे दामोदर, आपल्याला माहीत असलेले डी. डी. कोसंबी, गणिती आणि इतिहासकार. पुढे आणखी दोन मुली झाल्या.

कलकत्त्याला महिना अडीचशे रुपये मिळण्यासारखे असताना त्यांनी काय करावं? बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी सांगितलं होतं की महाराष्ट्रात कुठेही राहा, वर्षाला एक पुस्तक लिहा, दरमहा पन्नास रुपये देतो. कोसंबींनी पन्नास घेतले. कारण सरळ होतं. जे आपण इतक्या हालांनी मिळवलं ते मराठी माणसाला मराठीत मिळावं. कॅम्पस इंटरव्ह्यूच्या दिवसांत ही गोष्ट आमच्या मजल्यावर सांगितली तेव्हा निम्म्या पोरांनी कपाळाला हात लावला. माझाही एक हात होता त्यात, खोटं कशाला बोला.

मग हार्वर्ड. प्रा. वुड्स यांच्याशी ओळख झाली आणि 1910 मध्ये ते अमेरिकेला गेले. हेन्री क्लार्क वॉरन या विद्वानाने 'विसुद्धिमग्ग' या पाली ग्रंथाचं संपादन अपुरं ठेवून प्राण सोडला होता, ते काम पुरं करायचं होतं. प्रा. लॅनमन यांच्याशी श्रेयावरून खटके उडाले आणि 1912 मध्ये ते परत आले. पुढे आणखी तीनदा गेले. 1918 च्या फेरीत माणिक आणि दामोदर यांनाही नेलं; ज्या तान्ह्या मुलीला सोडून ते निघाले होते ती अमेरिकेत कॉलेज शिकली. तो ग्रंथ हार्वर्डने छापला 1950 मध्ये, कोसंबी गेल्यानंतर तीन वर्षांनी. प्रोजेक्ट रिपोर्टवर नाव कुणाचं आधी, यावरून आमच्या ग्रुपमध्ये अबोला धरला जातो, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

1912 ते 1918 ते पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवत होते. पु. वि. बापट यांच्यासारखे अभ्यासक तिथेच घडले. नंतर अहमदाबादचं गुजरात विद्यापीठ, 1929 मध्ये रशियातलं लेनिनग्राड. 1930 मध्ये मिठाचा सत्याग्रह सुरू झाला तेव्हा हा चौपन्नाव्या वर्षात आलेला पंडित शिरोड्याच्या सत्याग्रहात उतरला आणि तुरुंगात गेला. पुढे मुंबईत परळला कामगारवस्तीत त्यांनी बहुजन विहार उभा केला. एवढ्या गोष्टी एका आयुष्यात मावतात, हेच आधी पटत नाही.

त्यांची पुस्तकं मात्र मी नावापुरती सांगून सोडणार नाही. 'निवेदन' हे आत्मचरित्र 1924 चं. भाषा इतकी साधी की वाचताना कुणीतरी शेजारच्या खाटेवर बसून सांगतंय असं वाटतं. आणि 'भगवान बुद्ध'. यात त्यांनी एक मोठी गोष्ट केली. म्हातारा, आजारी, प्रेत आणि संन्यासी पाहून सिद्धार्थाने घर सोडलं, ही आपण शाळेपासून ऐकलेली कथा. कोसंबींनी जुने पाली ग्रंथ उलगडून दाखवलं की ही कथा मुळात विपस्सी नावाच्या दुसऱ्या, पूर्वीच्या बुद्धाची आहे, ती नंतर गौतमाला चिकटवली गेली. त्यांच्या मते खरं कारण जवळचं होतं. शाक्य आणि कोलिय हे शेजारी, नात्यातले. मधून रोहिणी नदी वाहते, आणि तिच्या पाण्यावरून दोन्हीकडचे लोक हातात शस्त्रं घेतात. या भांडणाला विटून तो तरुण बाहेर पडला. 'बोधिसत्त्व' नावाचं नाटकही त्यांनी याच विषयावर लिहिलं. डॉ. आंबेडकरांच्या 1957 साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथातही गृहत्यागाचं कारण म्हणून हाच पाण्याचा तंटा येतो.

हे वाचलं तेव्हा मी सुट्टीला घरी होतो. उन्हाळा होता, बोरीचं पात्र कोरडं, गल्लीत टँकरभोवती घागरींची रांग आणि रांगेत दोन घरांची जुंपलेली. राजवाडा, रथ, सारथी हे मला कधी आपलं वाटलं नव्हतं. पाण्यावरून हातघाईवर आलेले शेजारी मात्र ओळखीचे होते. राजपुत्राला ते बघवलं नाही, हे आमच्या जिल्ह्यातल्या माणसाला वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

शेवट मात्र चटका लावणारा आहे. प्रकृती ढासळली, आता आपल्याकडून काम होत नाही आणि दुसऱ्यावर भार होऊन जगायचं नाही, असं त्यांनी ठरवलं. 1946 मध्ये अन्न सोडायला सुरुवात केली तेव्हा गांधीजींनी थांबवलं. पण विचार बदलला नाही. सेवाग्रामला येऊन त्यांनी पुन्हा उपोषण धरलं आणि 4 जून 1947 ला देह ठेवला. स्वातंत्र्य अडीच महिन्यांवर होतं. दुसऱ्या दिवशी गांधीजी दिल्लीच्या प्रार्थनासभेत त्यांच्याविषयी बोलले. या निर्णयावर आमच्या खोलीत रात्री दोनपर्यंत वाद झाला. एकाला तो धैर्याचा वाटला, एकाला अजिबात पटला नाही. मी अजून कुठल्याच बाजूला नाही.

सहलीचं म्हणाल तर बेत मोडलेला नाही, लहान झालाय. डिसेंबरात आधी जवळचं करायचं ठरलंय. पहिल्या दिवशी धाराशिवची लेणी. ती मूळची बौद्ध मानतात, नंतर जैनांची झाली. तिथून तेर, म्हणजे जुनं तगर. तिथलं त्रिविक्रमाचं विटांचं मंदिर चैत्यगृहाच्या घाटाचं आहे आणि लामतुरे वस्तुसंग्रहालयात सातवाहन काळातल्या वस्तू बघायला मिळतात. दुसऱ्या दिवशी कलबुर्गी जिल्ह्यात सन्नतीजवळचं कनगनहळ्ळी, जिथे दगडात कोरलेला अशोक त्याच्या नावासकट सापडला. लाल डब्याने आणि शेअर जीपने हे होण्यासारखं आहे. जेवण घरून बांधून आणायचं. पहिला मुक्काम आमच्याकडे नळदुर्गला, आईला सांगून ठेवलंय.

काशी-गयेसाठी दर महिन्याला प्रत्येकी शंभर रुपये डब्यात टाकायला सुरुवात केली आहे. डबा रूम नंबर 14 मध्ये आहे. ज्यांना यायचंय त्यांनी नाव लिहून जावं. 'निवेदन'ची लायब्ररीतली प्रत सध्या माझ्याकडे आहे, पुढच्या आठवड्यात परत करतो.